येथे ळ मिळेल

आमच्या गावात आलेल्या पहिल्या कंप्युटरला ळ येत नव्हता.

हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे नेमकं काय? म्हणजे नेमकं हेच. क्ष यायचा, ज्ञ यायचा. ज्यांचं वर्षातून एखाद्या वेळी काम पडणार ते सगळे पाहुणे हजर. पण ळ मागितला की पडद्यावर एक रिकामा चौकोन उमटायचा. अक्षरांचा तो संच, म्हणजे फॉन्ट, कुणीतरी हिंदीसाठी बनवलेला होता आणि हिंदीचं ळवाचून काही अडत नाही. कंप्युटर केंद्र चालवणाऱ्या आमच्या सरांनी तो अकोल्याहून फ्लॉपीत घालून आणला, तेव्हा त्यातली अक्षरं कोण तपासून घेणार?

आता खरी गंमत. ळवाचून आमच्या धामणगाव बढ्याचंही काही अडत नव्हतं. आम्ही वऱ्हाडातली माणसं. शाळेला शाया म्हणतो, डोळ्याला डोया, केळीला केयी. काळी-पिवळी जीप आमच्या तोंडात कायी-पिवयी होते आणि ती ज्या मोताळ्याला जाते ते मोताया. लहानपणी वर्गात बाईंसमोर आम्ही ळ म्हणायचो, अगदी जीभ टाळूला लावून. शाळा सुटली की ळ वर्गातच राहायचा आणि आम्ही य घेऊन घरी यायचो. तेव्हा कंप्युटर काही बिघडलेला नव्हता. तो गावात रुळला होता, इतकंच.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. घरची भाजीची शेती. वांगी, मिरच्या, मेथी. मलकापूरला जाऊन तीन महिन्यांचा कंप्युटर कोर्स केलेली गावातली पहिली मुलगी मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगायची. बाजारगल्लीत खतांच्या दुकानाच्या माडीवर सरांनी केंद्र काढलं होतं. दोन कंप्युटर. एक चालायचा, दुसरा शोभेचा होता आणि त्याच्यावर मखमली कव्हर घातलेलं असायचं. सरांचं मोठं केंद्र मलकापुरात, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस त्या माडीची राणी मीच. चपला बाहेर काढायला लावायची, पंखा लावू द्यायची नाही, आणि जिन्याच्या तोंडाशी खडूने लिहिलेला फळा रोज पुसून पुन्हा लिहायची: 'येथे टायपिंग आणि पेंट शिकवतात.'

पेंट म्हणजे कंप्युटरमधला चित्र काढायचा साधा प्रोग्राम. पांढरं पान, बाजूला ब्रश, खोडरबर आणि रंगाची बादली. शिकायला येणारी पोरं त्यात घर काढायची, दोन डोंगर काढायची आणि त्यांच्यामधून सूर्य उगववायची. मी मात्र त्यात एक लेबल काढायला बसले, आणि त्या लेबलावर माझ्या आईची इज्जत टांगलेली होती.

आई काळा मसाला करायची. तिने मिरच्या भाजायला घेतल्या की अर्धी गल्ली शिंकायची आणि उरलेली अर्धी वाटी घेऊन यायची. त्या वर्षी गल्लीतल्या अकरा बायकांनी बचत गट काढला आणि आईला अध्यक्ष केलं, कारण त्या बैठकीला ती उशिरा पोचली आणि नको म्हणायला हजर नव्हती. महिन्याभरात बातमी आली की बुलढाण्याला महिला गटांचं प्रदर्शन आहे आणि आमच्या गटाला एक टेबल मिळू शकतं. बचत गटांच्या ऑफिसातल्या मॅडम स्वतः गावात येऊन मसाला चाखून गेल्या. त्यांना तो आवडला. पण जाताना त्या आईला म्हणाल्या, "पुडीवर छापील लेबल हवं. हाताने लिहिलेलं चालणार नाही. आणि मराठी शुद्ध हवी. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी स्वतः प्रत्येक टेबल बघणार. नसेल तर टेबल दुसऱ्या गटाला देईन."

आईने तोवर आठवडी बाजारापलीकडे काही विकलं नव्हतं. उरलेल्या दहाजणींना तिने दहा घरांतून 'मी नेते, मी आणते' असं सांगून मागून घेतलं होतं. त्यातल्या एकीच्या सासूने तर ओट्यावर बसून सगळ्यांच्या देखत सुनावलं होतं, "बुलढान्याहून हात हालवत वापस आल्या ना, तं मंग पाह्यजा. पुन्हा नाव नका काढजा गटाचं." टेबल गेलं असतं तर गट पहिल्याच पावलाला मोडला असता. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्या सासूला तर फारच माहीत होतं.

"पोरी," आईने विचारलं, "तुह्या त्या डब्ब्यात व्हते का हे लेबल?"

"होते ना."

"चार दिसांत?"

"चार तासांत!" मी म्हणाले. तीन महिन्यांचा कोर्स बोलत होता.

मी लिहायच्या साध्या पानावर मजकूर टाइप केला, तो कॉपी केला, पेंट उघडलं, चौकट आखली आणि पेस्ट केला. आईच्या मसाल्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची अशी काही गर्दी उमटली की जणू टाइप करता करता कंप्युटरलाच ठसका लागला असावा.

आई शेजारी स्टुलावर बसून पाहत होती. "हे इंग्रजी काऊन वं? मॅडमनं तं मराठी सांगतलं व्हतं."

"थांब ना. चालू आहे काम."

काय करावं ते मला माहीत नव्हतं हे आईला कळू नये म्हणून मी उगाच चार-पाच बटणं दाबली. दुपारपर्यंत खाटखूट केल्यावर सापडलं: पेंटमध्ये पेस्ट केल्यावर त्या चौकटीला पुन्हा सांगावं लागतं, बाई गं, हे मराठी अक्षर आहे. आणि ते चौकटीच्या बाहेर क्लिक करायच्या आत सांगावं लागतं. बाहेर एकदा क्लिक केलं की संपलं. मग अक्षराचं चित्र होतं. एखादा काना विसरला तरी मध्ये घुसवता येत नाही. केलेलं उलटवायचं तर मागे फक्त तीन पावलं जाता येतं, चौथं पाऊल कंप्युटर टाकू देत नाही.

अखेर मराठी उमटलं, आणि त्यात सहा रिकामे चौकोन. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात 'काळा मसाला', त्यात एक. खाली बारीक अक्षरात निर्भेळ, वाळलेली मिरची, हळद, तीळ आणि शेवटी तालुका मोताळा, त्यात पाच. मसाल्याच्या पुडीला सहा खिडक्या!

मी डोकं लढवलं. त्या सहाही जागी तात्पुरता य टाइप केला, म्हणजे ओळीत जागा धरली जाईल, आणि ठरवलं की नंतर ळचं चित्र करून त्या यवर चिकटवायचं. फक्त ते चित्र काढता यायला हवं होतं. मी काढलेला पहिला ळ मोडक्या चष्म्यासारखा दिसला. दुसरा दिसला तो चष्मा ज्याचा मोडला त्या माणसासारखा.

तेवढ्यात जिना वाजला आणि पेंटरकाका वर आले.

गावात जे जे वाचता येत होतं ते बहुतेक त्यांच्या हातचं. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं. लेबलांसाठी आई आधी त्यांच्याकडेच गेली होती. कडेने मिरच्यांची झालर काढून त्यांनी एक नमुना तयारही केला होता. मॅडमच्या 'छापील' या एका शब्दाने तो बाद झाला, आणि तेव्हापासून काका आमच्या दारावरून मान दुसरीकडे करून जात.

ते उंबऱ्यात उभे राहिले. चप्पल काढली. हात जोडले. "इथं पेंट शिकोतेत म्हने?"

"काका, या ना..."

"मले शिकवा. तीस वर्षं झाले ब्रश धरून, पन अजून काही आलं नाई म्हन्तेत लोक. छापील पाह्यजे म्हन्तेत."

"भाऊ, राग नका धरू," आई म्हणाली. "मॅडमचाच नियम हाये."

"मी कायले राग धरू? मी तं फी भराले आलो."

असं म्हणत म्हणत ते पडद्यापाशी आले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. कंप्युटरला ळ येत नाही, मला काढता येत नाही आणि प्रदर्शनाला तीन दिवस राहिलेत.

"ळ येत नाई?" काकांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग कंप्युटरकडे. आणि इतके हसले की खालून खतवाल्याने विचारलं काय झालं. "म्हन्जे वऱ्हाडीच हाये थो! आपल्यातलाच निंगाला बे! आन् मी उगाच त्याच्यावर दात धरून बसलो व्हतो."

मी त्यांच्या हातात माउस दिला. रेघ सुटली ती थेट पानाबाहेर गेली. "हा ब्रश हाये का वासरू? मी इकडं ओढतो तं थे तिकडं जाते." पाच मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. मग मी भिंग लावून पान मोठं केलं आणि त्याच्यावर बारीक चौकटी चालू केल्या. काका एकदम सरळ बसले.

"अवं, हे तं माह्यं काम हाये! भितीवर मोठं अक्षर काढाचं तं आम्ही बी दोरीनं असेच चौकोन पाडतो."

मग ते एकेक चौकोन भरत गेले. जीभ दातांत धरलेली, श्वास अडलेला. आई स्टूल पुढे ओढून बसली. अर्ध्या तासाने भिंग काढलं, पान लहान झालं, आणि तिथे एक ळ बसलेला होता. छापल्यासारखा नेटका, पण जिवंत. डावं पोट उजव्यापेक्षा जरा मोठं.

"काका, डावं पोट मोठं काऊन?"

"जेवलेला ळ हाये तो. उपाशी ळ मसाल्यावर शोभते का?"

मी तो उचलला आणि चिकटवून दाखवला. एक, दोन, तीन. काका पाहत राहिले. "म्हन्जे एकदा काढाचा न् पाह्यजे तितक्या ठिकानी लावाचा?"

"हो."

"लावाले खय कोनती?" पिठाची खळ म्हणायचं होतं त्यांना, पाट्यांचे कागद ते तिनेच चिकटवायचे.

"खळ लागत नाही. आपोआप चिकटतं."

काका खिडकीकडे वळले. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती, त्यांचीच. ती पाहत म्हणाले, "तीस वर्षांत किती ळ काढले असतीन मी, पोरी. दर खेपी नवा. आन् हे एकाच ळवर भागवून राह्यलं." मग मान झटकली. "लाव. लाव. वेय नको घालू."

ळ आपल्या पांढऱ्या चौकोनासकट चिकटायचा, त्यामुळे खालचा य आपसूक झाकला जायचा. ते पाहून काका खूश झाले. "पाटी चुकली की आम्ही बी असंच करतो. आधी पांढरा हात मारतो, मंग वर कायं काढतो." तिळावर चिकटवताना त्या पांढऱ्या चौकोनाने 'ती'ची वेलांटी खाल्ली. तीही त्यांनी भिंगाखाली बसून परत काढून दिली. पाच बारीक ळ लागले आणि मी फाइल सेव्ह केली.

राहिला वरचा, मोठा. लहान ळ ताणून मोठा केला तर तो जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांचा दिसायला लागला, म्हणून काकांनी मोठा ळ वेगळा काढला. त्याला तास लागला. मी तो शीर्षकातल्या यवर चिकटवला आणि आम्ही तिघं मागे सरकून पाहत राहिलो. काय देखणा होता तो! पोट भरलेला, पाय पसरून बसलेला, दुपारी जेवण झालेल्या सरपंचासारखा. आईने त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

आणि लाइट गेली.

आमच्याकडे तेव्हा ती रोजच जायची, पण अशी मुहूर्त पाहून कधी गेली नव्हती. तीन तासांनी आली. मी आधी फाइल उघडली. पाचही ळ जागच्या जागी होते. आईने पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "काया मसाला. शुद्ध आन् निर्भेय. वायलेली लाल मिरची, हयद, तीय..." शेवटपर्यंत. "बराबर हाये."

काकांनी वाचलं. "बराबर."

कोर्स केलेल्या मुलीने वाचलं. "ओके."

खालचे बारीक ळ आम्ही डोळ्यांनी तपासले, एकेक करून. वरचा मोठा आम्ही कानांनी तपासला. आणि वऱ्हाडी कानाला काया मसाला अगदी शुद्ध लागतो.

सरांनी फ्लॉपी मलकापूरला नेली आणि छापलेल्या लेबलांचा गठ्ठा आणून दिला. आईने पातेलंभर खळ शिजवली. अकरा बायकांनी ओट्यावर बसून दीडशे खाकी पुड्यांवर लेबलं डकवली. त्यांतल्या ज्यांना वाचता येत होतं त्यांनी दोनदा वाचलं, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ती सासूसुद्धा म्हणाली, अक्षर चांगलं हाये.

प्रदर्शनाच्या दिवशी दारात जीप आली. आई आणि मी बसलो तर मागच्या बाकावर पेंटरकाका आधीच बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर रंग-ब्रशांची पत्र्याची डबी.

"काका, तुम्ही कुठं?"

"सहा ळ, दीडशे पुड्या. माह्ये नऊशे ळ जिल्ह्याच्या ठिकानी चालले, आन् मी घरी बसू काय?"

"आन् डबी कायले?" आईने विचारलं.

"डबी घरी ठेवून मी अजून कुठी गेलो नाई."

नऊशे नव्हते, साडेसातशेच होते. पण हे कळायला अजून दोन तास होते. राजूर घाटात मी पुड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक वळणाला आईकडे पाहत होते. ती ओठ हलवत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. कान लावला तर मॅडमना काय सांगायचं ते घोकत होती.

मांडव मोठा होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. मॅडम पलीकडच्या टोकापासून यादी घेऊन निघाल्या होत्या. आम्ही पुड्या रचल्या. काका चहाला बाहेर गेले. आमच्या शेजारच्या टेबलावर बीबीहून आलेली एक पापडवाली बाई होती. बीबी तिकडे लोणारच्या बाजूला. तिकडची माणसं ळ खणखणीत म्हणतात. तिने वाकून आमची पुडी पाहिली आणि चांगल्या मनाने विचारलं, "काय ओ बाई, हे अंगाला लावायचं हाय का?"

आई हसली. "अंगाले कायले वं? भाजीत टाकाचं."

"मग काया मसाला कशाला लिवलं? काया म्हंजी शरीर न्हवं का?"

आईने पुडी हातात घेतली. वाचली. "काया. बराबर तं..." आणि तिचे ओठ तिथेच थांबले. तिने जीभ हळूच टाळूला लावून पाहिली, शाळेतल्यासारखी. मग माझ्याकडे पाहिलं. तो देखणा, जेवलेला ळ त्या दुपारच्या लाइटीबरोबर गेला होता. मी तो सेव्हच केला नव्हता.

पलीकडे मॅडम एका लोणच्याच्या टेबलापाशी उभ्या होत्या. बरणीवर पेनाने लिहिलेला कागद होता. त्या गटाच्या बायका मान खाली घालून बरण्या खाली उतरवत होत्या.

मी धावले. काका बशीत चहा ओतत होते. मी काय बोलले ते मला आठवत नाही. रडत होते एवढं आठवतं. त्यांनी बशी खाली ठेवली, डबी उचलली आणि माझ्या पुढे चालू लागले. टेबलाखाली, चादरीच्या आड, आम्ही दोघं मांडी घालून बसलो. त्यांनी एक ब्रश मला दिला. "पांढरं तू मार, यच्यावर. कायं मी काढतो. रडू नको, रंग पातय होईन."

आई वरून पुडी द्यायची. मी यवर पांढरा हात मारायची. बीबीवाली ती वाळवायला पुठ्ठ्याने वारा घालायची, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. काका वर ळ काढायचे. नमुना समोर नव्हता, चौकटी नव्हत्या, भिंग नव्हतं. मनगट एकदा डावीकडे वळायचं, एकदा उजवीकडे, आणि ळ बसायचा. प्रत्येकाचं डावं पोट जरा मोठं. दर खेपी नवा आणि दर खेपी तोच.

"पाह्य," ते हळूच म्हणाले, "उतरव न् चिकटव. लाइटीचं काही काम नाई."

चाळीसेक पुड्या झाल्या असतील. वरून आईने पाय आपटला. मॅडम शेजारच्या टेबलावर पोचल्या होत्या. तिथे बीबीवालीने त्यांना उडदाचा पापड दाखवला, मुगाचा दाखवला, ज्वारीचा दाखवला, मग साबुदाण्याचा, मग बटाट्याचा, प्रत्येकाची कृती पिठापासून सांगत. मला आजही वाटतं, त्यातले दोन तिच्याकडे नव्हतेच.

मी टेबलाखालून बाहेर येऊन आईशेजारी उभी राहिले. हात पाठीमागे, कारण बोटं पांढरी होती. पुढच्या रांगेत वाळलेल्या पुड्या, मागच्या रांगेत ओल्या, उरलेल्या परत पेटीत. मॅडमनी नेमका मागच्या रांगेत हात घातला. पुडी उचलली. त्यांचा अंगठा ओल्या ळपासून कांडभर दूर, मग अर्धं कांड...

"मॅडम, आधी वास घ्या!" आईने फोडलेली पुडी थेट त्यांच्या नाकाशी नेली.

मॅडम तीनदा शिंकल्या. हातातली पुडी खाली ठेवली. डोळे पुसले, हसल्या, आणि या वेळी पुढच्या रांगेतली उचलली. "काळा मसाला. शुद्ध आणि निर्भेळ. छान. हे छापीलच आहे ना?"

माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला तर तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी तिच्या कानांकडेच पाहत होते.

"पाहा ना मॅडम," ती म्हणाली. "खालचे ळ पाहा, वरचा ळ पाहा. सगळे एकाच हातचे हायेत." आणि तिने तिन्ही वेळा ळ म्हटला. स्वच्छ, वर्गातला ळ. घराबाहेर, मोठ्या माणसासमोर, भर मांडवात. पाळ्या जशाच्या तशा होत्या.

मॅडमनी पुडी डोळ्यांजवळ नेली. खालचा पाहिला, वरचा पाहिला. "खरंच. सुरेख अक्षर आहे. कुठला फॉन्ट म्हणायचा हा?"

"धामणगाव," मी म्हणाले.

टेबलाखालून ठसका ऐकू आला. बीबीवाली ताबडतोब जोरात खोकली. मॅडमनी यादीवर खूण केली, "टेबल तुमचं," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. जाताना त्यांनी रुमाल काढून अंगठा पुसला. अंगठ्यावर काळा डाग होता. त्यांनी तो पुसला, रुमाल घडी करून ठेवला आणि मागे वळून पाहिलं नाही. त्या डागाबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते, पण ते मानायचे तरी कसे?

काका दिवसभर टेबलाखालीच होते. वर पुडी विकली जायची, खाली नवी तयार व्हायची. आईने त्यांना भाकरीसुद्धा चादर उचलून दिली. संध्याकाळी पेटीच्या तळाशी एक पुडी राहिली, जिला पांढरा हात लागला नव्हता. मी ब्रश उचलला तर आईने ती पदराखाली घेतली. "राहू दे. ही आपल्या घरची." गावात शिरल्यावर त्या सासूच्या ओट्यासमोरून जाताना आईने जीप मुद्दाम हळू करायला लावली आणि हात हलवून दाखवले. रिकामे होते ना, हलवणारच.

आठवड्याने मी केंद्र उघडायला गेले तर जिन्याच्या तोंडाशी माझा खडूचा फळा नव्हता. तिथे पत्र्याची नवी पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, कडेने मिरच्यांची झालर. 'येथे टायपिंग आणि पेंट शिकवतात.' आणि खाली लाल रंगात, जरा लहान: 'येथे ळ मिळेल.'

सर आले, कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. "ही काय भानगड आहे?" पण त्यांनी पाटी काढली नाही. आणि बरं केलं, कारण लोक खरोखर आले. तोच फॉन्ट नेलेले आणखी कितीतरी जण होते आणि ते सगळे मुकाट्याने चौकोन सोसत होते. पहिला आला वडनेर भोलजीचा एक टायपिंगवाला, खिशात फ्लॉपी घेऊन. दारात घुटमळला आणि चोरून काही मागावं तसं विचारलं, "तुमच्याकडं ळ हाये म्हने?"

मी काकांना बोलावून आणलं. ळ त्यांचा होता. त्यांच्या माघारी द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, फ्लॉपीत फाइल जाताना शेवटपर्यंत पाहिली, आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ने बे. खुशाल ने. फक्त त्याचं डावं पोट कमी नको करू."

पुढे बरीच वर्षं आमच्या भागातल्या लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या बिलांवर आणि शाळांच्या दाखल्यांवर मला तो ळ भेटायचा. मी तो ओळखायची आणि कुणाला सांगायची नाही. काका आता नाहीत. केंद्र बंद झालं तेव्हा सरांनी विचारलं, तुला काय हवं? मखमली कव्हरसुद्धा देऊ केलं. मी पाटी मागितली. ती आमच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीच्या वर आहे. पाहुणे वाचतात आणि विचारतात, आणि मग मला ही सगळी गोष्ट सांगायची संधी मिळते, जी मी एरवीही सोडली नसतीच. आईची ती पुडी खालच्या फळीवर आहे. वास केव्हाच उडाला, पण काया शाबूत आहे.

आता मोबाईलवर बोट ठेवलं की ळ येतो. मागितला की मिळतो, कितीही, फुकट. तो उमटला की मी सगळ्यात आधी त्याचं डावं पोट पाहते. बहुतेक वेळा उपाशीच असतो.